दहा रुपयांचा खजिना

धातुशोधक यंत्र नवंकोरं असलं की बुलढाण्यातला हौशी गडी साखरखेर्डा गाठणारच. ११ ऑक्टोबर १७२४ ला इथंच निजामुल्मुल्कानं मुबारिझखानाला पाडलं आणि हैदराबादची आसफजाही उभी राहिली. म्हणजे एखादा तोफगोळा तर निघायलाच हवा! यंत्र किंचाळतं; निघतो नांगराचा मोडका फाळ. पुन्हा किंचाळतं, बाटलीचं बूच.

वर १८७८ चा निखात निधी कायदा आहेच. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांवरचं काहीही सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. दहा रुपये! ज्यात आता कटिंग चहा येतो. हिशेबानं फाळसुद्धा खजिनाच की. भंगारवाला मात्र तोच फाळ किलोवर घेतो आणि अर्जबिर्ज काही मागत नाही.