दोनशे फुटांतला शेजार

अमेरिकेत गाडीच्या डोक्यावर छप्पर घालायचं तर कधीकधी माणसाला गावासमोर उजवा हात वर करून शपथ घ्यावी लागते. खुनाच्या खटल्यातला साक्षीदार घेतो तशीच, खरं तेच सांगेन म्हणून. ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या जावयाने न्यू जर्सीत ही शपथ घेतली तेव्हा मी मागच्या रांगेत, एसीच्या गारठ्यात शाल गुंडाळून बसले होते.

माझा अधिकार आधी सांगून टाकते. मी एका जिल्ह्याच्या गावी नगररचना विभागात आरेखक होते. नकाशे काढणं, आलेले नकाशे तपासणं आणि त्यांवर लाल शाईने फुल्या मारणं, यात माझी उमेद गेली. अमोनिया प्रिंटच्या वासाने ज्यांच्या डोळ्यांत पाणी आलंय, तेच माझं दुःख जाणतील. जोतं, सामासिक अंतर, भोगवटा हे शब्द आमच्या घरात मीठ-मिरचीच्या बरोबरीने बोलले जायचे. लेक भातुकली मांडतानासुद्धा मैत्रिणीला ‘साइड मार्जिन सोड गं’ म्हणायची. त्यामुळे ‘आई, गॅरेज बांधतोय, पण झोनिंग बोर्डाकडून व्हेरियन्स, म्हणजे नियमातून सवलत, घ्यावा लागणार’ असा तिचा फोन आला, तेव्हा लोणच्याच्या बरणीच्या आधी मी बॅगेत माझी त्रिकोणी स्केलपट्टी टाकली.

खरं तर त्यांना एक गॅरेज आहे. त्यात गाडी सोडून सगळं राहतं. बर्फ ढकलायचं यंत्र, मुलांना केव्हाच लहान झालेल्या सायकली, ज्यावर कपडे टाकायलाही आता जागा उरलेली नाही असा ट्रेडमिल, कॉस्टकोतून आणलेले आणि नातवंडांच्या लग्नापर्यंत पुरतील एवढे कागदी रुमाल, गणपतीचं मखर आणि ढोलपथकाचे नऊ ढोल. हे ढोल कुणाच्या तरी गॅरेजमध्ये ठेवायचे होते आणि नेमकी त्या ठरावाच्या वेळी ही दोघं पथकाच्या सभेला गैरहजर होती. ‘ढोल बाहेर काढा, गाडी आत घाला, मिटला प्रश्न,’ असं मी आल्या आल्या सुचवलं. त्यावर जेवणाच्या टेबलावर जी शांतता पसरली, ती पाहून मी कोशिंबिरीकडे लक्ष वळवलं.

यात ही दोघं जगावेगळी नाहीत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या संशोधकांनी ३२ मध्यमवर्गीय कुटुंबांच्या घरांत शिरून त्यांच्या चीजवस्तूंची मोजदाद केली होती. त्यावर २०१२ साली पुस्तक निघालं. चारांतल्या तीन गॅरेजमध्ये गाडीला शिरकावच नाही, असं त्यांना आढळलं. पंचवीस-तीस हजार डॉलरची गाडी उन्हापावसात आणि पाच डॉलरचा फुटका टब छपराखाली, ही तिथली रीत आहे. आमच्या लेकीने ती मनापासून उचलली, एवढंच.

पण त्यांच्या गावात रात्री रस्त्यावर गाडी उभी करायला बंदी. तेव्हा दुसरं गॅरेज हवं, हे कुटुंबात एकमताने ठरलं. अडचण होती ती कोपऱ्याच्या प्लॉटची. आपल्याकडे कोपऱ्याचा प्लॉट म्हटलं की भाव चढतो, दुकान काढता येतं. तिथे कोपऱ्यावरच्या घराला दोन रस्त्यांकडची दोन्ही अंगणं ‘पुढची’ धरतात आणि पुढच्या अंगणात रस्त्यापासून २५ फूट काही बांधायचं नाही. म्हणजे घराला तोंडं दोन आणि पाठ जेमतेम. या नियमाने गॅरेजसाठी जी जागा उरत होती, त्यात ढोलसुद्धा आडवा करूनच ठेवावा लागला असता.

हे असले नियम आले कुठून, म्हणून मी रात्री झोप येत नव्हती तेव्हा वाचत बसले. जेट लॅगचा हा एकच फायदा. न्यूयॉर्कने १९१६ साली शहरभरासाठी झोनिंगचा, म्हणजे कुठे काय बांधायचं याचा, अमेरिकेतला पहिला कायदा केला. मग ओहायोतल्या एका खेड्याने असेच नियम केले आणि एका जमीनमालक कंपनीने त्याला कोर्टात खेचलं. १९२६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेड्याच्या बाजूने कौल दिला आणि झोनिंग देशभर कायम झालं. त्या खेड्याचं नाव युक्लिड! सर्व्हेअर लोकांनी आपल्या भूमितीवाल्या युक्लिडवरूनच ते ठेवलेलं. आठवीत ज्याने रडवलं, तोच म्हातारपणी जावयाच्या गॅरेजला आडवा आला. त्याच निकालपत्रात, स्वतंत्र घरांच्या वस्तीत उभी राहणारी फ्लॅटची इमारत म्हणजे बांडगूळ, अशा अर्थाचं विधान आहे. अख्खा जन्म दुसऱ्या मजल्यावरच्या टू बीएचकेत काढलेल्या बाईने हे पहाटे तीन वाजता वाचावं, याला काय म्हणायचं!

गाड्यांचा हिशेब तर त्याहून रंगतदार. न्यू जर्सीत नव्या घरांच्या पार्किंगसाठी १९९७ पासून राज्यभर एकच तक्ता आहे. त्याप्रमाणे तीन बेडरूमच्या स्वतंत्र घराला दोन गाड्यांची जागा लागते आणि चार बेडरूमच्या घराला अडीच. अडीच! उरलेली अर्धी गाडी कोणाची, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. फुकट पार्किंगची किंमत सगळ्यांनाच कशी मोजावी लागते, यावर डोनाल्ड शूप नावाच्या प्राध्यापकाने २००५ साली जाडजूड ग्रंथ लिहिला. पुढे बफेलोसारख्या शहराने २०१७ मध्ये पार्किंगची अशी सक्तीच काढून टाकली. जावयाला मी हे उत्साहाने सांगितलं. तो म्हणाला, ‘आई, आपण बफेलोत राहत नाही.’

मग नकाशासाठी आर्किटेक्टबाई आल्या. जावयाने त्यांच्यासाठी निवेदन तयारच ठेवलं होतं. जानेवारीत पहाटे काचेवरचा बर्फ खरवडताना कशी कंबर धरते, दोन्ही मुलांना शाळेत सोडताना कशी त्रेधा उडते, अगदी डॉक्टरांचं पत्रसुद्धा. बाईंनी ते शांतपणे वाचून बाजूला ठेवलं. म्हणाल्या, यातलं काहीही बोर्डापुढे बोलू नका. कायद्याला तुमच्या कंबरेशी कर्तव्य नाही. अडचण जमिनीची असली पाहिजे. प्लॉट फार अरुंद आहे, उथळ आहे, वेडावाकडा आहे, चढउताराचा आहे, असं काहीतरी. शिवाय सवलत दिल्याने लोकांचं फारसं नुकसान होत नाही आणि झोनिंगच्या मूळ हेतूला धक्का लागत नाही, हेही दाखवायचं.

मी तर टाळीच वाजवली. आमच्या ऑफिसात संडासाचं वाढीव बांधकाम मंजूर व्हावं म्हणून लोक सासूच्या अर्धांगवायूचा दाखला जोडायचे. आम्हीही माणसंच, तो वाचून हळहळायचो. सवलतीची सोय आपल्याकडेही आहे. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत, अडचण स्पष्ट दिसत असेल तर मोजमापं शिथिल करण्याचा अधिकार आयुक्तांना होता. फरक एवढाच, की मुंबईत अर्ज आणि साहेब या दोघांच्या मध्ये शेजारी कुठेच येत नव्हता.

न्यू जर्सीत तोच सगळ्यात आधी येतो. अर्जदाराच्या हद्दीपासून २०० फुटांच्या आत ज्यांच्या मालमत्ता आहेत, त्या सगळ्यांना सुनावणीच्या किमान १० दिवस आधी नोटीस द्यावी लागते. यादी टाउनशिपच्या ऑफिसातून मिळते. तिची फी कायद्यानेच बांधून दिलीय, नावामागे २५ सेंट किंवा एकूण १० डॉलर, यातलं जे जास्त असेल ते. वर्तमानपत्रातही जाहिरात द्यावी लागली. आमच्या गावच्या फ्लॅटभोवती मी मनातल्या मनात २०० फूट मोजून पाहिले. तीन सोसायट्या, एक मंगल कार्यालय, पिठाची गिरणी आणि मारुतीचं देऊळ. टपालखर्चातच गॅरेज उभं राहिलं असतं, आणि मारुतीच्या वतीने पोचपावतीवर सही कोण करणार?

लेकीच्या यादीत तेवीस नावं निघाली. त्यांतली बहुतेक तिने पहिल्यांदाच वाचली. इतकी वर्षं ही दोघं शेजाऱ्यांना त्यांच्या कुत्र्यांवरून ओळखत होती. लॅब्रॅडॉरवाला, पूडलवाली, भुंकणारा. नोटीस सर्टिफाइड टपालाने पाठवता येते किंवा हातोहात देता येते. मी हातोहातचा आग्रह धरला आणि सोबत बेसनाचे लाडू केले. आर्किटेक्टबाई घाबरून म्हणाल्या, शेजाऱ्यांना खुशाल द्या, पण बोर्डाच्या सदस्यांना चुकूनसुद्धा देऊ नका.

समोरचे गुजराती काका लाडू खाऊन आम्हाला थेट आपल्या गॅरेजमध्ये घेऊन गेले. आत दोन शिलाई मशिन, दांडियांची पोती आणि एक अख्खा झोपाळा. गाडी बाहेर. जावयाचा चेहरा उजळला. भुंकणारा ज्यांचा, ते निवृत्त फायरमन निघाले. त्यांनी नोटीस उभ्या उभ्या वाचली, दोन लाडू खाल्ले आणि ‘पाणी माझ्याकडे येणार नाही ना?’ एवढंच विचारलं.

खरी गाठ पडली ती पलीकडच्या इटालियन आजींशी. त्यांच्या कुंपणालगत अंजिराचं झाड आहे, नवऱ्याने लावलेलं. थंडीत त्या त्याला पोती गुंडाळतात, वर बादली पालथी घालतात आणि वसंतात सोडवतात. नोटिशीतला नकाशा त्यांनी उलटा धरला होता, पण मुद्दा सरळ होता. गॅरेजमुळे अंजिराचं ऊन जाणार. माझं इंग्रजी तोकडं आणि त्यांना मराठी येत नव्हतं, म्हणून मी स्केलपट्टी काढली. लाडवांच्या डब्याखालच्या कागदावर गॅरेजचा छेद काढला, दुपारच्या उन्हाची तिरपी रेघ ओढली आणि सावली कुठे पडते ते दाखवलं. अंजिराच्या बुंध्यावर पडत होती. आजींनी माझ्याकडे पाहिलं, मी जावयाकडे पाहिलं. जावई म्हणाला, ‘छप्पर दोन फूट खाली घेऊ.’ आर्किटेक्टबाईंनी नवा नकाशा काढला आणि मीच दिलेल्या मापांचे मला पैसे मात्र मिळाले नाहीत.

सुनावणी रात्रीची होती. आधी सगळे झेंड्याकडे तोंड करून उभे राहिले, मग सभेची रीतसर सूचना दिली आहे असं वाचून दाखवलं गेलं. बोर्डावर गावातलेच सात जण. आमच्या आधी एका गृहस्थाचं प्रकरण होतं. त्यांना परसात शेड हवी होती. प्रश्नोत्तरांत कळलं की शेड बांधून झाली आहे. रंगही देऊन झाला आहे. न्यू जर्सीत उतरल्यापासून मला पहिल्यांदाच मायदेशी आल्यासारखं वाटलं. आधी बांधायचं आणि मग नियमित करून घ्यायचं, ही आपली जुनी परंपरा. आपण तर त्यासाठी २००१ साली गुंठेवारीचा स्वतंत्र कायदाच केला. बोर्डाने मात्र त्या गृहस्थांना अशा शब्दांत झाडलं, की माझ्यातल्या निवृत्त कर्मचाऱ्याला गहिवरून आलं.

मग जावयाने हात वर केला. प्लॉटच्या दोन तोंडांची कहाणी त्याने चोख सांगितली, कंबरेचा उच्चारही नाही. चष्म्यावरून पाहणाऱ्या एका सदस्याने आपला मोहरा पागोळ्यांकडे वळवला. हा प्रश्न येणार हे मी आदल्या रात्रीच सांगितलं होतं. जगातल्या कुठल्याही नकाशा तपासणाऱ्या माणसाला, जवळ हद्द दिसली की पागोळ्याच आठवतात. पन्हळीचं पाणी आपल्याच हद्दीत खड्डा करून जिरवणार, असं उत्तर तयार होतं. नंतर लोकांना बोलायची मुभा मिळाली आणि इटालियन आजी काठी टेकत माइकपाशी गेल्या. शपथेवर त्यांनी सांगितलं, की या लोकांनी माझ्या अंजिरासाठी छप्पर उतरवलं, मला काही म्हणायचं नाही. मत घेतलं गेलं. सहा बाजूने, एक विरुद्ध. अटी तीन. पाणी जिरवायचं, कुंपणाला झाडं लावायची, आणि गॅरेजमध्ये कोणी राहायचं नाही. ढोलांविषयी अट नव्हती.

गावी परतल्यावर मी आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला गेले. विषय नेहमीचाच, पार्किंग. इमारतीखालची स्टिल्टमधली जागा म्हणजे गॅरेज नव्हे आणि बिल्डरला ती सुटी विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या एका खटल्यात २०१० सालीच सांगितलंय. ती जागा सगळ्यांची, वाटप सोसायटीने करायचं. म्हणजे आपली वार्षिक सभा हाच आपला झोनिंग बोर्ड. फक्त शपथ नाही, त्यामुळे जो तो वाट्टेल ते बोलतो. बी विंगमधले दोन गृहस्थ एका स्कूटरच्या जागेवरून तासभर भांडले आणि शेवटी एकाने दुसऱ्याला विचारलं, ‘पण आपण कोण? कितव्या मजल्यावर राहता?’

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. अमेरिकेतून काय काय घ्यावं यावर पुष्कळ लिहिलं जातं, मी एकच गोष्ट सुचवते. गॅरेज बांधायचं नसलं, गाडी नसली, तरीसुद्धा आपल्या उंबऱ्यापासून २०० फुटांत राहणाऱ्या माणसांची यादी करा. दहा नावं तरी न अडखळता लिहिता येतात का पाहा. येत नसतील तर बेल वाजवा, आणि लाडू घेऊन जा. इथे बोर्ड नाही, त्यामुळे कुणालाही दिले तरी चालतात.