कागद नंतर, आधी व्ह्यू

शहापूरच्या घर-जमीन एजंटाचं घड्याळ निराळंच चालतं. ‘समृद्धीपासून दहा मिनिटं’ हे त्याचं पालुपद. त्यात पावसाळा आणि खड्डे धरलेले नसतात. ५ जून २०२५ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि तालुक्यातली लांबलांबची घरं एका रात्रीत महामार्गाला खेटली. शेजारच्या मुरबाडला तर रेल्वे यायची आहे. जाहिरातीत स्टेशन कधीच बांधून झालंय.

खरी गंमत कागदांपाशी. विकणारा ऐटीत ग्रामपंचायतीचा नमुना ८ काढतो. तो कराचा उतारा. त्याने मालकी सिद्ध होत नाही. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत घरबसल्या मिळतो, पण त्यावर आजोबा अजून हयात असतात! मग मृत्यूचा दाखला, वारस नोंद, फेरफार आणि लग्नानंतर पहिल्यांदाच इतक्या प्रेमाने आठवलेल्या बहिणींच्या सह्या. शेतजमीन असेल तर घेणारा सहसा शेतकरीच लागतो. आदिवासी खातेदाराची असेल तर बिगरआदिवासीला विकण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. एजंटाच्या भाषेत ही सगळी ‘किरकोळ फॉर्मॅलिटी’.

मुरबाडच्या म्हसा यात्रेत बैल घेणारा आधी दात बघतो. घर घेणारा डोंगराचा व्ह्यू बघतो, टोकन देतो आणि मग वकील शोधतो.

दलालाला महारेराची नोंदणी लागते ती नोंदणीकृत प्रकल्पांसाठी. गावातल्या जुन्या घराच्या व्यवहारात ती लागत नाही, म्हणजे कागदांची काळजी आपणच घ्यायची. तेव्हा विकणाऱ्यांनो, एजंटाच्या आधी तलाठ्याला गाठा आणि जमीन मोजणीचा अर्ज आजच टाका.