पावतीकाका

रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला बेल वाजली, की आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत आधी टीव्हीचा आवाज कमी होतो. मग कोणीतरी पाय न वाजवता दारापाशी येतं आणि भिंगातून बघतं. कुरिअरवाला असला तर दार उघडतं. रेक्सिनची काळी बॅग काखोटीला मारून पावतीकाका उभे असले, तर टीव्ही साफ बंद होतो आणि घरातली चारही माणसं जागच्या जागी थिजतात. मी स्वतः एकदा हातात पोह्यांची बशी घेऊन असा मिनिटभर उभा राहिलेलो आहे. काकांनी पुन्हा बेल दाबली आणि दाराच्या फटीला तोंड लावून शांतपणे म्हणाले, "साहेब, पोहे गार होतील."

बाहेर वास येत होता म्हणे. पुढच्या तीन मिनिटांत शाळेच्या देणगीची 501 रुपयांची पावती फाटली. पोहे गार झाले ते झालेच. त्यातले निम्मे काकांनी खाल्ले.

काकांचं खरं नाव पतपेढीच्या पगारपत्रकावर असेल. शाळेच्या फाटकातून आत शिरलेल्या पालकाचं नाव फाटकाबाहेरच राहतं. आत तो 'सहावी ब मधल्या अमकीचा बाबा'. पण काकांची अमकी दहावी होऊन, बारावी होऊन इंजिनिअरिंगला जाऊन पोचली. मुलगी सुटली, बाप अडकला. पोरं त्यांना पावतीकाका म्हणायला लागली, मग बाई म्हणायला लागल्या आणि एका वार्षिक अहवालात 'सर्वश्री पावतीकाका यांचे सहकार्य लाभले' असं छापूनही आलं.

आता कायद्याने बघायचं तर काकांना शाळेत काही स्थान नाही. 2011 च्या शुल्क विनियमन कायद्याने शाळेत पालक-शिक्षक संघ आणला, त्याची कार्यकारी समिती आणली आणि समितीवरचे पालक इच्छुकांमधून सोडतीने निवडायचे असं ठरवून दिलं. आमच्या शाळेत ही सोडत स्टीलच्या पातेल्यात होते. पातेलं प्रयोगशाळेतलं की शिपाईमामांच्या चहाचं, यावर मतभेद आहेत. मुलगी शाळेत होती तेवढी सगळी वर्षं काकांची चिठ्ठी त्या पातेल्यात पडत होती आणि एकदाही वर आली नाही. नशीबवान पालक सदस्य झाले, बैठकीला आले, वेफर्स खाऊन गेले. काका दर वर्षी 'निमंत्रित' राहिले आणि सगळा कारभार त्यांनीच केला. त्यांना निमंत्रण कोण देतं, हे मोठ्या बाईंनाही माहीत नाही.

पैसे लागतात हे मात्र खरं. शाळा मराठी माध्यमाची, अनुदानित. पगार सरकार करतं. खडू, झाडू, विजेचं बिल, गळके पत्रे याला वेतनेतर अनुदान असतं, आणि ते कधी येतं, किती येतं हे विचारलं की मोठ्या बाई खिडकीबाहेर बघतात. दोन वर्गांवरचे पत्रे बदलायला 1,85,000 रुपयांचा अंदाज आला होता. पावसाळ्यात त्या वर्गात भूगोल शिकवताना पर्जन्यमापक वेगळा दाखवावा लागत नाही.

अशा वेळी दुसरा एखादा पालक मोठ्या कंपन्यांना पत्रं लिहील. काकांचा मोठ्या रकमेवर विश्वास नाही. त्यांच्या मते महाराष्ट्रात शाळा उभ्या राहिल्या त्या चिल्लरीवर. बॅगेत पावतीपुस्तकासोबत ते पूर्वजही बाळगतात. अंताजी दामोदर काळ्यांनी पैसा पैसा मागत पैसा फंड उभा केला आणि त्यातून 1908 मध्ये तळेगावला काचकारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या पोरांसाठी अंगावरचे दागिने मोडले. घरोघरी मूठमूठ धान्य बाजूला काढून मुष्टिफंड जमला. आणि धोंडो केशव कर्वे! विद्यापीठ काढायच्या कितीतरी आधी त्यांनी गावासाठी मुरुड फंड काढला होता. एवढं सांगून काका समोरच्याकडे बघतात आणि म्हणतात, "तुमच्याकडून मी दागिने मागत नाहीये." यावर काय बोलणार? दागिन्यांच्या मानाने 501 रुपये फारच स्वस्त वाटतात.

कर्व्यांच्याच गोष्टीतून काकांनी आपला मुख्य सिद्धांत काढलेला आहे: पाटी आणि रक्कम एका मापात हवी. 1920 मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला 15 लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसींचं नाव लागलं. 15 लाखांत विद्यापीठ. मग आमच्याकडे 2,200 रुपयांत काय? काकांनी हिशेब केला. पंखा.

म्हणून शाळेतल्या प्रत्येक पंख्याच्या पात्यावर लाल ऑइलपेंटमध्ये कोणाचे ना कोणाचे वडील आहेत. पालकसभेला एक देणगीदार आले. एप्रिलची दुपार, घामाच्या धारा, वर्गात साठ माणसं. ते उठले आणि म्हणाले, "जरा पंखा बंद करता का? फिरायला लागला की वडील दिसत नाहीत." बाईंनी बंद केला. साठ माणसांनी घाम पुसत पाच मिनिटं वडील बघितले. दुसऱ्या दिवशी काका ब्रश घेऊन आले आणि त्यांनी तेच नाव भिंतीवरच्या बटणाखाली रंगवलं. देणगीदारांना फोन करून सांगितलं, "आता पंखा लावणारा प्रत्येक जण आधी तुमच्या वडिलांना हात लावणार." गृहस्थांचा गळा दाटून आला. त्यांनी आईच्या नावाने ट्यूबलाइट दिली.

पण काकांची खरी कला बघायची तर ती स्मरणिकेच्या जाहिराती गोळा करताना. मलपृष्ठ 10,000, पूर्ण पान 3,000, अर्धं 1,800, पाव 1,000, आणि ज्याला यातलं काहीच परवडत नाही त्याला 200 रुपयांत 'एक हितचिंतक' होता येतं. एकदा मी त्यांच्याबरोबर एका हार्डवेअरच्या दुकानात गेलो होतो. मालक आम्हाला बघताच म्हणाले, "धंदा मंदा आहे हो." काकांनी जाहिरातीचं नावही काढलं नाही. बाकड्यावर बसले, पाणी मागितलं, बॅगेतून स्मरणिकेचा कच्चा नमुना काढला आणि नुसता उघडून गल्ल्यावर ठेवला. उजव्या पानावर रस्त्यापलीकडच्या हार्डवेअरवाल्याची अख्ख्या पानाची जाहिरात. डावं पान कोरं.

मालकांनी चष्मा लावला. "हे कोरं का?"

"तुमच्यासाठी ठेवलं होतं. पण मंदी आहे तर राहू दे. कोरं पान बरं दिसत नाही, म्हणून त्यांनाच विचारतो, दोन्ही पानं घेता का."

मालकांनी गल्ल्याचा खण उघडला. 3,000 रुपये मोजून झाल्यावर काका पाणी प्यायले, पावती दिली, रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या दुकानात शिरले. तिथे त्यांनी तोच नमुना उघडला, आता डावीकडची जाहिरात दाखवून. पलीकडच्या गृहस्थांनी तोपर्यंत छदामही दिलेला नव्हता. उजवं पान काकांनी स्वतःच्या हाताने लिहून चिकटवलेलं होतं. मी बाहेर आल्यावर म्हटलं, "काका, ही फसवणूक नाही का?" काका गंभीर झाले. "कोणाची? दोघांची जाहिरात समोरासमोर आली की नाही?"

स्मरणिका छापून आली तेव्हा एका पानावर 'हार्दिक शुभेच्छांसह'च्या जागी 'आर्थिक शुभेच्छांसह' पडलं होतं. सगळे हळहळले. काका म्हणाले, असू दे, जास्त अचूक आहे.

बाकीचे उद्योग सांगायचे तर आनंदमेळाव्यात पोरं भेळ विकतात आणि ती त्यांच्याच आया विकत घेतात. म्हणजे सामान आईचं, कष्ट आईचे, पैसेही आईचेच, फक्त नफा शाळेचा. दिवाळीत आकाशकंदील. लकी ड्रॉचं पहिलं बक्षीस मिक्सर. तो एकदा मोठ्या बाईंनाच लागला, तेव्हापासून लकी ड्रॉ बंद आहे.

रद्दीचं मात्र सांगितलंच पाहिजे. "घरोघरी रद्दी असते आणि ती देताना कोणाच्या पोटात दुखत नाही," हे काकांचं गृहीतक. चूक निघालं. रद्दी हा गृहिणीचा खाजगी फंड असतो, हे काकांना, घरात बायको असूनही, माहीत नव्हतं. तरीही दोन रविवारांत सहावी-सातवीच्या पोरांनी 412 किलो रद्दी शाळेच्या व्हरांड्यात आणून ओतली. काका ताणकाटा घेऊन बसले. पोरं गठ्ठे बांधायचं सोडून पाच वर्षांपूर्वीच्या पुरवण्यांतली शब्दकोडी सोडवत बसली. 14 रुपये किलोने 5,768 रुपये झाले. टेम्पोचे 1,200 आणि वडापावचे 640 गेले. उरले 3,928. पत्र्यांच्या हिशेबात म्हणजे एका कोपऱ्यापुरते.

गठ्ठे बांधता बांधता एका पोराला मधे काहीतरी चकचकीत दिसलं. आदल्या वर्षीची स्मरणिका. मग आणखी एक. मग सोसायटीच्या नावाने गेलेला अख्खा संच, सुतळीही न सोडलेला. 300 प्रती छापल्या होत्या, त्यातल्या 61 रद्दीत परत आल्या. संपादक मंडळातल्या बाई तिथेच उभ्या होत्या. त्यांच्या 'मनोगत'वर वडापावचं तेल पडलं होतं. मला वाटलं, आता काका खचणार. काकांनी एक प्रत हातात घेतली, तळव्यावर तोलली आणि म्हणाले, "जाड कागद घेतला ते बरं झालं. वजन भरतं." मग बाईंकडे वळून, "तुमचा अंक दोनदा खपला, बाई. असं कोणाचं होतं?"

पोरांनी काकांना क्यूआर कोडही करून दिला. तो त्यांनी बॅगेवर चिकटवला आहे, पण त्यांचा जीव त्यात नाही. "त्याला समोरच्याची लाज दिसत नाही," असं म्हणतात. माणूस मोबाइल वर धरतो, खाली धरतो, 'नेटवर्क नाही' म्हणतो आणि सुटतो. कार्बन पेपर खाली घालून, नाव विचारून, अक्षर अक्षर लिहायला लागलं की मात्र कोणी 51 वर थांबत नाही. लिहिणाऱ्याचा हात 'पाच'वर रेंगाळतो आणि देणाऱ्याच्या तोंडून 'शंभर एक' बाहेर पडतं. शंभरवरचा तो एक रुपया काका आठवणीने मागून घेतात. काही जण विचारतात, "एटी-जी आहे का?" काका म्हणतात, "आहे की. फक्त दोन हजारांच्या वर रोख दिलेत तर सूट नाही, तेव्हा चेक द्या." दोन हजार हा आकडा कानावर पडताच विचारणारा 101 रुपये रोख देऊन मोकळा होतो.

त्यांचा आवडता शब्द 'ऐच्छिक'. प्रवेशाच्या बदल्यात देणगी घ्यायला 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे आणि महाराष्ट्रात कॅपिटेशनविरुद्धचा कायदा तर 1987 चा. काका हे दोन्ही जाणून आहेत. जूनमध्ये ते प्रवेशाच्या खिडकीच्या आसपासही फिरकत नाहीत. एकदा एका घाबरलेल्या आईने फॉर्मबरोबर हजाराचं पाकीट पुढे केलं, तर तिला त्यांनी असं काही दटावलं की ती बिचारी रडली. "दिवाळीनंतर या," एवढंच म्हणाले. दिवाळीनंतर ते स्वतःच गेले. ऐच्छिक म्हणजे इच्छा होईपर्यंत समोर बसायचं, असा त्यांचा अर्थ आहे.

पत्रे बदलले गेले. एका वर्गाचे पूर्ण, दुसऱ्याचे दोन तृतीयांश. उरलेल्या भागाखाली कोणी बसत नाही. तिथे काकांची रद्दी असते, ताडपत्रीखाली.

या जूनमध्ये सोडत झाली. मी इच्छुक नव्हतो. पण माझा अर्ज कोणीतरी भरला होता, अक्षर ओळखीचं होतं, आणि पातेल्यातून पहिलीच चिठ्ठी माझी निघाली. टाळ्यांत सगळ्यात जोराची टाळी मागच्या बाकावरून आली. बैठक संपल्यावर काकांनी बॅगेतून सात नंबरचं पावतीपुस्तक काढलं, पन्नास पावत्यांचं. दोन कोरे कार्बन दिले, रबरबँड दिला आणि म्हणाले, "सुरुवात आपल्याच विंगपासून करा. लांबची माणसं काय, कधीही सापडतात."

पुढच्या रविवारी साडेदहाला मी तिसऱ्या मजल्यावर उभा राहिलो. आत टीव्हीवर मालिकेचं पुनःप्रक्षेपण चाललं होतं. बेल दाबली. आवाज कमी झाला. चपला न घातलेली पावलं दारापर्यंत आली, थांबली. भिंगात काळोख झाला. मग टीव्ही पूर्ण बंद.

मी जिन्याकडे वळलोच होतो, तेवढ्यात वास आला. थालीपीठ. तव्यावरचं, आणि लागायला आलेलं.

मी पुन्हा बेल दाबली.