हवेतली वहिवाट

वस्तू एक आणि हक्कदार अनेक, अशा प्रसंगी वस्तू न तोडता वेळ वाटून घ्यावी, हे शहाणपण आमच्या शिरपूर जैनास बाहेरून आणावे लागत नाही. येथील अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या पूजेसाठी श्वेतांबर आणि दिगंबर या उभय पंथांनी १९०५ साली वेळापत्रक ठरविले. पुढे तंटा विलायतेच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊन तेथे १९२९ साली निकाल लागला, तरीही १९८१ साली मंदिरास लागलेले कुलूप निघावयास सर्वोच्च न्यायालयाचा २०२३ सालचा हुकूम यावा लागला. अशा गावात घरच्या वाय-फायचा बंदोबस्त एका बैठकीत उरकेल असे सूनबाईस वाटले, याचे कारण एवढेच की ती पुण्याची आहे.

मूळ फिर्याद तिचीच. घरबसल्या कचेरीचे काम करणाऱ्या या मुलीची मीटिंग ऐन रंगात आली, की पडद्यावरील साहेबांचे तोंड उघडे ते उघडेच राही. संशयितांची वाण नव्हती. नातू गेममध्ये गोळ्या झाडीत असे, धाकटे बंधू सोयाबीनचे भाव पाहता पाहता क्रिकेटकडे वळत, आणि मागल्या खोलीत मातोश्रींचे कीर्तन अखंड चाले. तेव्हा कुटुंबाचा मुखत्यार या नात्याने मी प्रत्येकाची पाळी लावून तहनामा लिहिला, त्यावर सर्वांच्या सह्या घेतल्या आणि तो फ्रिजवर चिकटविला. परंतु तह माणसांनी केला होता. मोबाइलांनी त्यावर सही केली नव्हती. धनी दुपारी निजले तरी त्यांचे फोन फोटो वर चढवीत, ॲप अद्ययावत करून घेत, आणि दुसऱ्याच्या पाळीत बिनदिक्कत शिरत.

त्याहून मोठा घोटाळा हवेत होता. एका चॅनेलवर एका वेळी एकाच यंत्राने बोलावे, इतरांनी तोवर थांबावे, असा वाय-फायचा मूळ दस्तूर आहे. म्हणून खरी वाटणी होते ती किती माल उचलला याची नव्हे, हवा किती वेळ अडविली याची. आमचा राउटर ओसरीवर आणि मातोश्री दोन मातीच्या भिंतींपलीकडे. ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरी वेगवान खऱ्या, पण जाड भिंतीपुढे त्यांचा लवकर निरुपाय होतो, २.४ च्या लहरी पलीकडे पोचतात, परंतु क्षीण होऊन. मग तो दूरचा फोन, कमी ऐकू येणाऱ्या साक्षीदाराने प्रत्येक प्रश्न पुनःपुन्हा विचारून अख्खी कचेरी ताटकळत ठेवावी तसा, सावकाश बोलतो आणि तेच तेच पुन्हा मागतो. घरात सर्वांत थोडे मागणारी व्यक्ती सर्वांत अधिक वेळ खात होती, आणि तिच्यावर संशय घेण्याची कोणाची छाती नव्हती. उलट तीच ओरडे, "काहून रे बाबू, माह्या कीर्तनात हे चाक काहून फिरून राह्यलं?"

"बाबा, राउटर माजघरात हलवू या," असे सूनबाईने सुचविले. भिंतीस भोक पाडण्याच्या कल्पनेने बंधू अस्वस्थ झाले. महाग प्लॅन घ्यावा असे त्यांचे मत पडले. पण बाहेरून येणारा वेग वाढविल्याने आतली हवा वाढत नाही, हे त्यांस पटविता पटविता दिवस मावळला.

अखेर निकाल मातोश्रींनीच दिला. यंत्र हलत नसेल तर आपण हलावे, असे म्हणून त्या तक्क्या-लोडासह ओसरीवर येऊन बसल्या. त्यांचा फोन राउटरजवळ येताच भराभर बोलू लागला, हवा मोकळी झाली, आणि साहेबांचे तोंड मिटू लागले. आता नेट सर्वांस पुरते. बंधूंची दुपारची झोप, नातवाचे मित्र आणि माझे वर्तमानपत्र यांची ओसरीवरील पिढीजात वहिवाट मात्र संपुष्टात आली असून, त्या मिळकतीचे वेळापत्रक मागण्याचे धैर्य अद्याप कोणासही झालेले नाही.