आधी दिवे लावा, तेल मार्चनंतर

डिसेंबर 2023. नागपूरचं हिवाळी अधिवेशन. विधान परिषदेत पीएचडी करणाऱ्या मुलांच्या फेलोशिपचा विषय निघाला आणि तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांनी एक साधा, घरगुती प्रश्न विचारला: पीएचडी करून ही मुलं काय दिवे लावणार आहेत? मुलं चिडली, विरोधक चिडले, अग्रलेख पडले. मला मात्र प्रश्न रास्त वाटला. जो पैसे देतो तो दिवे मोजणारच. म्हणून मी भाचीला फोन केला. ती पुण्यात मेंदूवर पीएचडी करते.

"तुझे दिवे किती झाले गं?"

"कालच्या फिल्ममध्ये एकशे बारा," ती म्हणाली. "रविवारी ये मामा, दाखवते. आणि येताना जरा गॅसचं बघ ना, सिलिंडर संपलाय."

रविवारी गेलो. दोन खोल्या, तिघी मुली, दोरीवर वाळत घातलेले तीन पांढरे कोट. भाचीनं लॅपटॉप उघडला. काळाकुट्ट पडदा. मग एका कोपऱ्यात हिरवा ठिपका लुकलुकला आणि विझला. दुसरीकडे दोन. मग एकदम पाच-सहा. गणपतीच्या आराशीतल्या माळेसारखं सगळं चमचमायला लागलं.

"एकेक ठिपका म्हणजे उंदराच्या मेंदूतली एकेक पेशी," ती सांगू लागली. "पेशी कामाला लागली की तिच्यात कॅल्शियम शिरतं. आम्ही आत एक प्रथिन घातलेलं असतं, ते कॅल्शियम भेटलं की उजळतं. म्हणजे पेशी बोलली की दिवा लागतो."

मी थक्क झालो. अख्ख्या विधिमंडळात जो प्रश्न दोन वाक्यांत निकालात निघाला, त्याचं उत्तर भाड्याच्या खोलीत, चार्जर सैल झालेल्या लॅपटॉपवर लुकलुकत होतं. पोरं खरोखरच दिवे लावतात. तिचं काम कंपवातावर आहे. मेंदूच्या तळाशी एक काळपट पट्टा असतो, तिथल्या पेशी डोपामीन बनवतात. त्यातला कोणता दिवा आधी विझतो आणि का, हे तिला शोधायचं आहे.

"आणि हे प्रथिन आणता कुठून?"

"मुळात जेलीफिशमधून," ती म्हणाली, आणि तिनं जी गोष्ट सांगितली ती अर्थखात्यानं फ्रेम करून लावावी अशी आहे.

ओसामु शिमोमुरा नावाच्या जपानी माणसानं 1961 च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जाळी घेऊन जेलीफिश गोळा करायला सुरुवात केली. ते का चमकतात, एवढंच त्याला बघायचं होतं. पुढं कित्येक उन्हाळे बायकापोरांसह हाच उद्योग. काय दिवे लावणार, असं त्याला कुणी विचारलं असतं, तर बिचाऱ्यानं बादलीच पुढं केली असती. मग 1992 मध्ये डग्लस प्रॅशर या संशोधकानं त्या चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक वेगळं काढलं. काढलं आणि त्याचा निधी संपला. पुढचा अर्ज नामंजूर झाला. त्यानं ते जनुक ज्यांनी मागितलं त्यांना देऊन टाकलं. 2008 साली या प्रथिनासाठी रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. शिमोमुरा, मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सिएन अशा तिघांना. त्या दिवशी प्रॅशरसाहेब अलाबामात एका मोटारीच्या दुकानाची गाडी चालवत होते. गिऱ्हाईक गाडी दुरुस्तीला टाकतं, त्याला घरी सोडायची ती गाडी. पुढं चाल्फी आणि त्सिएन यांनी आपल्या खर्चानं त्यांना नोबेल सोहळ्याला नेलं.

यातून आपल्याकडच्या अधिकाऱ्यांनी योग्य तो बोध घेतलेला दिसतो: निधी थांबला तरी नोबेल थांबत नाही.

भाचीचा निधी थांबलेला नाही. तो 'प्रक्रियेत' आहे. पैसे देणारं खातं दिल्लीत आहे. कुठलं ते लिहीत नाही, नाहीतर तिची फाइल आहे त्याहून खाली जायची. ज्युनिअर रिसर्च फेलोला महिना 25 हजार मिळायचे. मुलं रस्त्यावर उतरल्यावर 2019 साली 31 हजार झाले आणि 1 जानेवारी 2023 पासून 37 हजार. दोन वर्षांनी सीनिअर झालं की 42 हजार. आकडा वाईट नाही. फक्त त्याच्या आधी जो 'महिना' शब्द येतो, त्याचा अर्थ लावायला स्वतंत्र फेलोशिप लागेल. भाचीचा शेवटचा हप्ता गौरी-गणपतीत आला. मी गेलो तेव्हा संक्रांत होऊन गेली होती.

हप्ता कसा येतो, तेही तिनं समजावलं. मेंदू परवडला. दर महिन्याला गाईडनं लिहून द्यायचं की मुलगी कामावर आहे. ते विभागाकडून विद्यापीठात जातं. तिथं एक माणूस पोर्टलवर भरतो, त्याला म्हणतात मेकर. दुसरा तपासतो, तो चेकर. मेकरनं भरलं तेव्हा चेकर रजेवर होता. चेकर आला तेव्हा मेकरची बदली झाली होती. दोघं एकत्र सापडले त्या दिवशी सर्व्हर डाऊन होता. सर्व्हर उठला तर तो म्हणाला, मागच्या तिमाहीचं उपयोगिता प्रमाणपत्र कुठाय? आता मागच्या तिमाहीचे पैसेच आले नाहीत, त्यांचा उपयोग कसा केला हे लिहायचं, म्हणजे ललित लेखन. ते तिच्या विषयात बसत नाही.

प्रयोगशाळेत हाल नाहीत कुणाचे, तर उंदरांचे. त्यांना बारा तास उजेड, बारा तास अंधार, ठरलेलं तापमान, स्वच्छ भुस्सा आणि वेळेवर खाणं. एक दिवस चुकला तर प्राण्यांची नैतिकता समिती जाब विचारते, आणि विचारायलाच हवा. भाची सुट्टीच्या दिवशीही जाऊन पिंजरे बघते. परवा तिची मैत्रीण म्हणाली, "समितीला विचारून बघू या का, आपल्याला उंदीर म्हणून घेतात का ते."

मग मला वाटलं, मेंदूचाच कारभार या खात्याकडे दिला तर? समजा, चहाचा कप उचलायचा आहे. हात रीतसर अर्ज करतो. वरून विचारणा होते, मागच्या कपाचं उपयोगिता प्रमाणपत्र? ते जोडलं की बोटांना तत्त्वतः मंजुरी. मनगटाची फाइल वेगळी. डोपामीनचा हप्ता सुटेपर्यंत चहावर साय धरते. 31 मार्चला उरलेलं डोपामीन शासनजमा. माणूस खुर्चीतून उठायला मिनिट लावतो, दारात पाऊल चिकटतं, हात आपल्याआपण थरथरतो.

ही कल्पना नाही, हाच कंपवात. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरनं त्यावर 1817 मध्येच लिहून ठेवलंय. सहा रोग्यांवर निबंध लिहिला, आणि त्यातले काही तर नुसते रस्त्यात चालताना पाहिलेले. त्याला फेलोशिप नव्हती, म्हणून काम वेळेत झालं.

आता आकडे, कारण आकड्यांशिवाय सरकारला वाचवत नाही. भारताच्या एकूण रोगभारात असंसर्गजन्य मेंदूविकारांचा वाटा 1990 मध्ये 4 टक्के होता, 2019 मध्ये 8.2 टक्के झाला. दुपटीचं उद्दिष्ट रोगांनी गाठलं. संशोधनावर देश खर्च करतो जीडीपीच्या 0.64 टक्के. यावर उपाय म्हणून 2023 मध्ये कायदा करून अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन काढलं. पाच वर्षांत 50 हजार कोटी! टाळ्या वाजवून झाल्यावर कळलं की त्यातले 36 हजार कोटी उद्योगपती, देणगीदार वगैरे मंडळींकडून यायचे आहेत. म्हणजे लग्नाची पत्रिका आमची, मांडव आमचा, आणि तळटीप: येताना आपापला डबा आणावा.

निघताना भाचीनं कंपवातातली सगळ्यात वाईट गोष्ट सांगितली. "मामा, हात थरथरायला लागतो ना, तेव्हा आपल्याला वाटतं रोग आत्ता सुरू झाला. खरं तर तोवर त्या भागातल्या निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात. बाकीच्या ओढाताण करून काम रेटत असतात, म्हणून बाहेर काही दिसत नाही."

मी सहज विचारलं, तुझ्या लॅबमधले सीनिअर कुठं असतात हल्ली? एक जर्मनीत. एक हिंजवडीत, बँकेचं सॉफ्टवेअर तपासतो. एक नीटच्या क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते, पगार एक तारखेला. "आम्ही चौघं रेटतोय," ती म्हणाली आणि लॅपटॉप मिटला. चार्जर पडला होता.

सिलिंडरचे पैसे मी दिले. भाड्याचे देणारे आधीपासून वेगळे आहेत: तिचे आजोबा, म्हणजे माझे वडील, अण्णा. निवृत्त हेडमास्तर. पेन्शन महिन्याच्या महिन्याला. सहा वर्षांपासून कंपवात. म्हणजे कंपवातावरच्या संशोधनाला सध्या कंपवाताचा रोगी पैसे पुरवतो आहे. मध्ये मेकर नाही, चेकर नाही. अशी सुटसुटीत योजना जगात कुठं नसेल.

गेल्या आठवड्यात अण्णांना बँकेत घेऊन गेलो. त्यांनी स्लिपवर सही केली. या रोगात अक्षर बारीक होत जातं. फळ्यावर हातभर अक्षरं काढणाऱ्या माणसाची सही मुंगीएवढी झाली होती. काउंटरवरच्या बाईंनी स्क्रीनवरची सही बघितली, स्लिपवरची बघितली, पुन्हा स्क्रीन बघितला.

"सही जुळत नाही, आजोबा. डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणा, नाहीतर अंगठा द्या."

चाळीस वर्षं पोरांना सही करायला शिकवलेल्या हेडमास्तरांनी शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला. पहिला ठसा फिसकटला. दुसरी स्लिप भरली, दुसराही फिसकटला. मागं रांग वाढत होती.

बाई वैतागल्या नाहीत, समजुतीनंच म्हणाल्या, "आजोबा, हात जरा स्थिर ठेवा ना."

"त्याच कामासाठी पैसे काढतोय, बाई," अण्णा म्हणाले.