प्रमेय राहू द्या, आधी जागा बघा

रात्रीचे साडेअकरा. प्रबंध उद्या द्यायचा आहे, तिसऱ्या प्रकरणातली सिद्धता एका ठिकाणी अजून लंगडते आहे, आणि तेवढ्यात पान ३७ वरच्या समीकरणाच्या डोक्यावर उगाच जास्त मोकळी जागा आहे असं तुमच्या लक्षात येतं. अभिनंदन. सिद्धता बाजूला ठेवा, चहा टाका.

पहिली पायरी मोजमापाची. पडद्याला पट्टी लावा. (पान १२५ टक्के मोठं करून बघत आहात हे नंतर आठवेल.) लाटेक या अक्षरजुळणी प्रणालीतल्या साध्या लेखात, अक्षर १० पॉइंटांचं असेल तर, स्वतंत्र ओळीत मांडलेल्या समीकरणाच्या वर आणि खाली १०-१० पॉइंट जागा सुटते. एक पॉइंट म्हणजे इंचाचा ७२.२७वा भाग. म्हणजे सगळा वाद साडेतीन मिलिमीटरचा आहे. हा आकडा घरी सांगू नका.

हे १० पॉइंटही पक्के नसतात. गरज पडली तर ते २ पॉइंटांनी ताणले जातात आणि ५ पॉइंटांपर्यंत आक्रसतात. लोकलच्या बाकावर चौथा आला की आधीचे तिघं सरकतात, तसे. दोन रकान्यांच्या मांडणीत तर रकान्यांचे तळ एका रेषेत आणायला लाटेकच्या मुळाशी असलेलं टेक समीकरणांभोवतीची जागा खुशाल ताणतं. ही लवचीक जागा डोनाल्ड क्नूथ यांची. आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं बघून ते इतके वैतागले की १९७७ साली स्वतःच टेक लिहायला बसले. काम वर्षभरात उरकेल असा अंदाज होता. लागली दहाएक वर्षं. त्यापुढे तुमची एक रात्र किरकोळ.

आता प्रत्यक्ष कृती. फाइलच्या सुरुवातीला, मजकुराच्या आधी, ‘ॲबव्हडिस्प्लेस्किप’ची, म्हणजे समीकरणावरच्या जागेची, किंमत ३ पॉइंट करा. काही फरक पडणार नाही. शून्य करा, उणे वीस करा, समीकरण ढिम्म. कारण मजकूर सुरू होताक्षणी लाटेक ‘नॉर्मलसाइझ’ ही आज्ञा चालवतं आणि ती या सगळ्या किमती पुन्हा आपल्या मनाच्या करते. लग्नाच्या आदल्या रात्री आपण खुर्च्या मांडाव्यात आणि पहाटे मंडपवाल्याने येऊन त्या आपल्या पद्धतीने लावाव्यात, तसं. किंमत मजकूर सुरू झाल्यावर द्या, मग चालते. पुढे कुठे अक्षर लहान करून परत मोठं केलंत की मंडपवाला पुन्हा येतो.

यापेक्षा नाजूक उपाय भाषेचा आहे. वरची ओळ समीकरण सुरू होतं त्याच्या पुरेशी अलीकडे संपली, तर टेक वरची १० पॉइंट जागा सोडतच नाही. शून्य धरतं, फार तर थोडं ताणतं. ओळीत एखादा शब्द वाढला की समीकरण धपकन खाली. म्हणून वरच्या वाक्यातला ‘अर्थातच’ खोडून बघा. गणितात हा शब्द बहुधा जिथे सिद्धता जमलेली नसते तिथेच येतो, तेव्हा नुकसान काही नाही.

उरला गावठी उपाय: समीकरणाच्या आधी ‘व्हीस्पेस’ ही उभ्या जागेची आज्ञा आणि उणे १२ पॉइंट. मी माझ्या प्रबंधात हा ४१ ठिकाणी केला. फार देखणं दिसत होतं. मग सरांनी दुसऱ्या प्रकरणात एक वाक्य वाढवायला सांगितलं, ओळी सरकल्या, आणि सकाळी छापून आणलेल्या प्रतीत एका इन्टिग्रलचं डोकं वरच्या ओळीत घुसलेलं होतं. परीक्षकांनी त्या पानावर प्रश्न विचारला नाही. त्यांना ते वाचताच आलं नसावं.

दोन-दोन डॉलर चिन्हांमध्ये समीकरण कोंबणारी जुनी मंडळी अजून आहेत. लाटेकमध्ये तसं करू नये, कारण समीकरणं डावीकडे लावायचा पर्यायही तिथे चालत नाही. पण त्यांना सांगायला जाऊ नका; ती तुमच्या समितीवर असतात.

एवढं सगळं करून पहाटेचे चार वाजले असतील तर मूळ फाइल उघडून पान ३७ वरचं ते समीकरण शोधा. त्याच्या वर एक रिकामी ओळ सोडलेली दिसेल. डोळ्याला बरं वाटावं म्हणून तुम्हीच सोडलेली. टेकच्या लेखी रिकामी ओळ म्हणजे परिच्छेद संपला. मग समीकरणाने नवा परिच्छेद सुरू होतो आणि त्याच्या डोक्यावर एक आख्खी कोरी ओळ येऊन बसते. वरच्या दहाही पॉइंटांचा तिच्याशी संबंध नाही.

बॅकस्पेसचं बटण एंटरच्या वर, उजव्या कोपऱ्यात असतं.