आरोपी क्रमांक एक : आभाळ

फेब्रुवारी संपता संपता हवामान खातं मार्च ते मे या तीन महिन्यांचा अंदाज जाहीर करतं. देशाचा नकाशा येतो, त्यावर बराचसा भाग लालभडक असतो आणि खाली वाक्य असतं, ‘कमाल तापमान सरासरीपेक्षा जास्त राहण्याची शक्यता.’ चंद्रपूरकर ते वाचून कूलरचं गवत बदलायला घेतात. त्रेचाळीस अंशांना तिथे कोणी ऊन म्हणत नाही. पुणेकर मात्र छत्तीसला ‘पूर्वी असं नव्हतं’ म्हणून पत्र लिहायला बसतात.

पुढे रोजचे इशारे सुरू होतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. सोबत ठरलेली भाषा असते : ‘तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह पाऊस, वारा ताशी 30 ते 40 किलोमीटर.’ तुरळक म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त एक चतुर्थांश केंद्रांवर, असं खात्याने कधीचंच सांगून ठेवलंय. पण हिंगोलीच्या शेतकऱ्याच्या हिशेबात ठिकाण एकच, शिजवून वाळत घातलेल्या हळदीचं. तिथे पाऊस पडला तर खात्याने नीट सांगितलं नाही. पडला नाही तर खात्याने उगाच पळापळ करवली.

खातं कधी चुकत नाही असं मुळीच नाही. मार्च 2025च्या अखेरीस एप्रिल ते जूनसाठी जास्तीच्या उष्ण लाटांचा अंदाज आला. लोकांनी माठ आणले आणि मे महिन्यात महाराष्ट्र छत्री शोधत फिरला. मात्र केरळात मान्सून 27 मेच्या सुमारास येईल हेही खात्यानेच आधी सांगितलं होतं. तो 24 तारखेला आला आणि 26 मे रोजी मुंबईत दाखल झाला. मुंबईतली त्याची नेहमीची तारीख 11 जून. 26 मेच्या त्याच दिवशी वरळीच्या भुयारी मेट्रो स्थानकात पाणी शिरलं. स्थानक सुरू होऊन तीन आठवडेही झाले नव्हते आणि नाव होतं आचार्य अत्रे चौक. आचार्य असते तर दहा हजार वर्षांत असं झालं नव्हतं, असं त्यांनी नक्की लिहिलं असतं.

अंदाज चुकला म्हणून पोलिसांत जाणारं राज्यही आपलंच. 2017च्या पावसाळ्यात बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातले शेतकरी दिंद्रुडच्या पोलीस ठाण्यात गेले आणि हवामान खात्याविरुद्ध तक्रार देऊन आले. बियाणं-औषधवाल्यांशी संगनमत करून खात्याने चांगल्या पावसाचा अंदाज दिला, असं त्यांचं म्हणणं. पेरणी वाया गेलेल्या माणसाला हसणं बरं नव्हे. पण बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते, दुसऱ्या दिवशी पहाटे पावसाचं, पिकांचं आणि राजाच्या गादीचंही भाकीत सांगितलं जातं आणि ते चुकलं म्हणून कोणी फौजदाराकडे गेल्याचं ऐकिवात नाही. उपग्रह पाळण्याचा हा तोटा.

आभाळाला आरोपी करण्याची कला खरी बहरली ती घाटकोपरला. 13 मे 2024च्या दुपारी मुंबईत धुळीचं वादळ आलं आणि छेडानगरच्या पेट्रोल पंपावर एक होर्डिंग कोसळलं. 17 माणसं गेली. महापालिकेच्या नियमात जास्तीत जास्त 40 फूट लांब आणि 40 फूट रुंद बसतं. हे 120 बाय 120 होतं. म्हणजे लांबी तिप्पट, रुंदी तिप्पट आणि वारा झेलणारं अंग नऊपट. ते लपूनछपून उभं नव्हतं. हमरस्त्यावर होतं, आकाराबद्दल लिम्का बुकात त्याची नोंद होती. नंतर अटकेतल्या कंपनी-संचालकाच्या वतीने उच्च न्यायालयात बचाव मांडला गेला तो असा, की ही दैवी घटना आहे आणि हवामान खात्याने अशा वाऱ्याची आगाऊ सूचना दिली नव्हती. आता वाऱ्याचा वेग सांगणं खात्याचं काम, हे मान्य. पाया किती खोल खणलाय हे कुठल्या रडारवर दिसतं, तेही एकदा जाहीर व्हायला हवं.

वणव्याच्या खटल्यात मात्र आभाळाची निर्दोष सुटका करावी लागते. सरकारी कागदावर आगीचा हंगाम 15 फेब्रुवारीला सुरू होतो आणि 15 जूनला संपतो. त्याआधी वनखातं जाळरेषा काढतं, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवताचे पट्टे आधीच जाळून मोकळे करतं. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाने टिपलेल्या आगीच्या जागा मोबाइलवर कळवते. मग वनरक्षक हिरव्या फांद्या किंवा पाला उडवायचं यंत्र घेऊन डोंगर चढतो. अवकाशातून निरोप थेट खिशात येतो आणि शेवटचे चार किलोमीटर पायी असतात.

आग लावणारा मात्र अवकाशातला नसतो. आपल्याकडे विजेने वणवा क्वचितच पेटतो. विदर्भात मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून झुडपं जाळतात. सह्याद्रीत पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं म्हणून माळ जाळायचा. मोह वेचणाऱ्याचं पोट तरी त्यावर असतं. किल्ल्यावर चिकन भाजून निखारे तसेच सोडून येणाऱ्या शहरी शिवभक्तांना ती सबबही नाही. राखीव जंगलात आग लावायला 1927च्या वन कायद्याच्या कलम 26 नुसार बंदी आहे. तरीही होळीच्या आगेमागे डोंगर पेटण्याची शक्यता या सदराच्या वेधशाळेनुसार शंभर टक्के, आणि ती तुरळक ठिकाणी नव्हे.

राहता राहिली वीज. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपास वीज पडण्याचा धोका असला की सावध करतं, फुकट मिळतं आणि मराठीतही वाचता येतं. वळवाच्या दिवसांत ते मोबाइलवर असू द्या. इशारा आला की झाडाखालून निघा, पक्क्या घरात जा आणि मगच तो घरच्यांच्या ग्रुपवर टाका.